सातेरीची फुलं

डावा कौल पडला.

तातू गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. देवळात जमलेल्या सगळ्यांचे डोळे त्या दोन पाकळ्यांवर होते. डावीकडची हळूच सुटली, घसरली आणि खाली ताटात पडली. उजवी जागची हलली नाही.

गाऱ्हाणं घालणारे आबा राऊळ माझ्याकडे वळले. गावाचे मानकरी, उंच, वाकलेले, बोलायला कमी.

"बाये, देवीन नाय म्हटल्यान," ते म्हणाले. "रायेतला पानसुदा मिळाचा नाय."

"बरं आबा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

देवळातून बाहेर पडताना, मी जिच्याकडे राहत होते त्या द्रौपदीकाकीने माझं मनगट धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "आज शेवग्याच्या पाल्याची भाजी करतंय, तुका आवडता ती."

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत रानातल्या अळंब्यांवर काम करत होते. मूळची मी परभणीकडची, सोळंक्यांची पद्मजा. आमच्याकडे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवतात त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात आणि येता-जाता पायाने उडवतात. मी त्यांचाच अभ्यास करणार म्हटल्यावर आईने विचारलं होतं, "आणि पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

घोटणखोल हे गाव सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. तिथे अळंब्यांना अळमी म्हणत आणि कोणी त्यांना पायाने उडवत नसे. श्रावणात बायका सकाळी रानात जात. मी त्यांच्यामागून जायची. त्या खायची अळमी घरी नेत आणि न खायची माझ्यासाठी शाळेच्या पडवीत आणून ठेवत. मी अळमीची छत्री कापून कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. रात्रभरात छत्रीखालची बारीक भुकटी कागदावर झडे आणि सकाळी वाटी उचलली की तिचं नक्षीदार वर्तुळ उमटलेलं असे. कधी गुलाबी, कधी तपकिरी, कधी पांढरंशुभ्र. ही भुकटी म्हणजे त्यांचं बी. बायका त्याला अळम्यांची रांगोळी म्हणायच्या. पाणी भरायच्या आधी पडवीत डोकावून जायच्या, काल आपण आणलेलीची रांगोळी कुठल्या रंगाची निघाली ते बघायला. मग ती कुठे मिळाली, कुठल्या झाडाखाली, तिला काय म्हणतात, कोणाच्या आजीने खाऊन बघितली होती, हे सगळं त्या सांगत आणि मी लिहून घेई. असे दोन पावसाळे गेले होते.

गावाच्या वरच्या अंगाला देवीची राय होती. कुऱ्हाड न लागलेलं रान. आतमध्ये एक वारूळ होतं, माणसाच्या डोक्याहून उंच. तिकडे वारुळाला रोवण म्हणतात, आणि हे रोवण म्हणजेच सातेरी. देवळातला पाषाण नंतरचा, मूळची देवी ही. श्रावण सरताना त्या रोवणावर एक अळमी उगवायची. नखाएवढी छत्री, तिला काळं अणकुचीदार टोक, आणि देठ निळसर. तिला कोणी अळमी म्हणत नसे. ती सातेरीची फुलं.

मी ती द्रौपदीकाकीबरोबर हात जोडून, पावलाच्या अंतरावरून पाहिली होती. तशी अळंबी मी कुठल्याही पुस्तकात बघितली नव्हती. पण अशी गोष्ट जगाला सांगायची तर नुसता फोटो चालत नाही. खरी, वाळवलेली अळंबी एखाद्या संग्रहालयात ठेवावी लागते, म्हणजे उद्या कोणालाही ती काढून तपासता येते. त्याशिवाय तिला नाव मिळत नाही. दिवाळीला माझी शिष्यवृत्ती संपणार होती. म्हणून मी आबांना विचारलं, आबांनी देवीला विचारलं, आणि देवीने नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन मी पुण्याला इनामदार सरांना फोन केला. त्यांनी मला अळंब्या ओळखायला शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या रोवणाला कुंपण आहे?"

"नाही सर."

"राखणदार?"

"कोणी नाही."

"मग अडलंय कुठे? एक उचल. एक गं. उद्या ती सडूनच जाणार आहे."

"कोणी राखण करत नाही, म्हणूनच अडलंय सर."

ते हसले. "तुझं तू बघ," म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले नव्हते, पण मी हातची संधी घालवते आहे असं त्यांना नक्की वाटलं. मलाही थोडं वाटलंच.

त्यानंतर दोन दिवस नुसता वारा होता. तिसऱ्या रात्री त्याने जोर धरला. उजाडताना द्रौपदीकाकीने मला हलवून उठवलं.

"बाये, ऊठ. सातवीण पडली."

"कुठली?"

"रायेतली." ती दाराकडे वळलीसुद्धा. "देवीर पडली गो."

आम्ही धावतच गेलो. रायेच्या कडेला सगळं गाव उभं होतं, आत एकही माणूस नाही. सातविणीचं भलंमोठं खोड आडवं झालं होतं आणि पडताना त्याने रोवणाची एक बाजू वरपासून खालपर्यंत तासून नेली होती. लाल माती उघडी पडली होती. आतल्या पोकळ्या, बोगदे, सगळं दिसत होतं. एक म्हातारी तोंडात पदर कोंबून रडत होती.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "देवीक इचारूक गेले ना, देव मागूक गेले! घ्या आता."

"कोण ता?" द्रौपदीकाकी गर्रकन वळली. "फुडे येवन सांग. इचारूक गेली, चोरूक नाय गेली."

कोणी पुढे आलं नाही. पण लोकांच्या नजरा माझ्यावर फिरून जात होत्या, ते मला कळत होतं.

उपसरपंच सुहास धुरी पुढे झाला. कामाचा माणूस. आदल्या वर्षी नळाचं पाणी त्यानेच आणलं होतं. "आबा, येळ घालवूक नको," तो म्हणाला. "माज्याकडे शिमीट पडलेला आसा. दुपारपर्यंत सगळा बंद करतंय. भोवतीन चौथरो, वर लाद्या. मगे शंभर वर्सा बगूक नको."

बऱ्याच माना हलल्या. देवी उघडी पडली होती, तिला लवकरात लवकर झाकायला हवं, हे सगळ्यांच्या मनात होतं. आबा जागचे हलले नव्हते. नुसते बघत होते.

मी पण बघत होते. फुटलेल्या कडेवर फिकट पांढरे ठिपके हलत होते. पळापळ चालली होती, पण वाट चुकल्यासारखी नव्हती. काही कडेकडेने जाऊन थांबत होते.

"आबा," मी म्हणाले, "मी बोलू का?"

त्यांनी मान हलवली.

"सिमेंट घालू नका. आतमध्ये एक मोठा संसार आहे. वाळवी पाला-लाकूड आणते, त्यावर अळमीचं बी पेरते, तिची शेती करते आणि तीच खाते. त्या शेतातून तुमची फुलं वर येतात. या भिंतींतून आत वारा खेळतो. सिमेंटने लिंपलं तर आतलं सगळं गुदमरून मरेल. वर चौथरा छान दिसेल, पण पुन्हा फुलं येणार नाहीत."

"मगे काय करूचा?" सुहासने विचारलं. "असाच उगडा ठेवूचा?"

"पाऊस लागणार नाही इतकंच झाकायचं आणि सोडून द्यायचं. ती आपली आपण बांधून घेईल."

"कोण बांधतली?"

"वाळवी."

कोणीतरी हसलं. आबा हसले नाहीत.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

इथे मला हो म्हणता आलं असतं. "आतली राणी जिवंत असेल तर," मी म्हणाले. "झाड तिच्यापर्यंत पोचलं असेल तर नाही. ते मला इथून कळत नाही, आबा. उकरून बघितलं तर ती नक्की मरेल."

आबा गर्दीकडे वळले. मग सुहासला म्हणाले, "शिमीट देवळाच्या पडवेत आणून ठेव. आणि बाये, तू सांगतंस म्हणान थांबतंय. काय करूचा ता तू आणि द्रौपदी आत जावन करा. आमी हयसर उभे आसव."

आम्ही आत गेलो. जवळ गेल्यावर पाय ठेवायला जागा बघावी लागली. रोवणातून उडालेली पोळी चिखलात पडली होती. वाळवीची शेतं ती. मधाच्या रंगाची, स्पंजासारखी, वळ्यावळ्यांची. झाकायला झावळ्यांची विणलेली चुडतं हवी होती. ती आणायला द्रौपदीकाकी कडेपर्यंत गेली आणि तिथेच बायकांशी बोलत थांबली. मी एकटी उरले.

पायाशी एक पोळं पालथं पडलं होतं. मी ते सुलटं केलं. त्यावर फुलं होती. नुकती फुटलेली, काळ्या टोकांची, निळ्या देठांची, आणि देठ खाली पोळ्यात कुठे रुतलेले आहेत तेसुद्धा दिसत होतं. अशी मुळासकट अळंबी हाती लागायला माणसं वर्षानुवर्षं रोवणं खणतात. माझ्या शबनममध्ये कागदाची पाकिटं होती, ती नेहमीच असायची. पोळं हलकं होतं, एका तळहातात मावणारं, आणि आतून कोमट. चिखलात पडून ते संध्याकाळपर्यंत कुजणारच होतं.

मी खाली बसले. फुटलेल्या पोकळ्यांतून एक रिकामी खोली शोधली आणि पोळं तिच्यात सरकवलं. जरा तिरपं बसलं, म्हणून काढून पुन्हा नीट बसवलं. मग दुसरं उचललं. द्रौपदीकाकी चुडतं घेऊन आली तोवर खालची सगळी आत गेली होती. आम्ही दोघींनी काठ्या रोवून त्यांच्यावर छप्परासारखी चुडतं बांधली आणि बाहेर आलो.

त्यानंतरचे दिवस लांब गेले. शाळेच्या पडवीत येणाऱ्या बायका कमी झाल्या. ज्या यायच्या त्या रांगोळीकडे न बघता बोलून जायच्या. देवळाच्या पडवीतली सिमेंटची पोती जाता-येता दिसत. मी रोज सकाळी रायेच्या कडेपर्यंत जायची, चुडतं जागेवर आहेत एवढं बघायची आणि परत यायची. आत जायला मला धीर होत नव्हता.

एका सकाळी द्रौपदीकाकीच म्हणाली, "चल, आता बगूचाच."

तिने चुडत उचललं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. फुटलेल्या कडांवर मातीचे बारीक बारीक मणी एकाशेजारी एक बसवलेले होते. ओलसर, काळपट, जुन्या लाल मातीहून वेगळे. काही बोगद्यांची तोंडं बंद झाली होती. मी पोळं सरकवलं होतं त्या खोलीला समोरून नवी भिंत आली होती.

"काकी," मी म्हणाले, "आबांना दाखवायला हवं."

ती आबांना घेऊन आली. आबा गुडघे धरून खाली बसले आणि इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं त्यांना पटलेलं नाही. एक वाळवी तोंडात मातीचा कण घेऊन आली, कडेवर ठेवला, डोक्याने दाबला आणि वळून गेली. आबांनी ते पूर्ण बघितलं.

"काम चालू आसा," ते म्हणाले. उठताना त्यांनी सुहासला हाक मारली. "तुजा शिमीट शाळेच्या न्हाणीक वापर रे. थंय लादी फुटली आसा."

पुढच्या दिवसांत रोवण बुजत गेलं. बायका पडवीत परत आल्या. चतुर्थी झाली, गणपती गेले. त्या वर्षी उशिराने, माझ्या निघायच्या दिवसांत, रायेत सातेरीची फुलं पुन्हा आल्याचं कळलं. मी जाऊन हात जोडून आले. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं. घोटणखोलच्या बायकांनी जमवलेल्या अळम्यांची पाकिटं बांधता बांधता माझी ट्रंक भरली होती.

निघायच्या आदल्या दिवशी तातू गुरव दारात आला. "आबांनी देवळात बोलवल्यानी हा," म्हणाला. "आंघोळ करून ये."

देवळात सगळं गाव होतं. मला वाटलं, निरोपाचा नारळ असेल. आबांनी मला पुढे उभं केलं, आणि देवीच्या पाषाणावर पाकळ्या लावलेल्या दिसल्या. मी द्रौपदीकाकीकडे बघितलं. ती समोर बघत होती.

आबांनी गाऱ्हाणं घातलं.

"गे माये सातेरी, बारा पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"ही पद्माबाय. लांबच्या मुलखातसून इली, दोन पावस आमच्यात रवली. आमच्या बायकांवांगडा रानात गेली, आमच्या चुलीकडे जेवली."

"व्हय म्हाराजा!"

"माये, तू उगडी पडलंस, तेव्हा हिणा तुका झाकल्यान. तुजा सगळा हिच्या हातात होता. मी कडेक उभो रवान बगलंय. हिणा एक फूल पदरात घेवक नाय, तुजा तुका परत दिल्यान."

"व्हय म्हाराजा!"

त्या दिवशी कडेवरून त्यांना माझे हातसुद्धा दिसत होते हे मला ठाऊक नव्हतं. माझे कान तापले.

"आता गावचा ह्या चेडू आपल्या घराक चल्ला. चेडू जाताना आमी तेका रिकाम्या हातान धाडणव नाय. तेव्हा माये, तुजी चार फुलां आमी हिच्या ओटीत घालूक बगतो. घालू काय नको, ता तू सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला त्यांनी चेडू म्हटलं होतं, लेक. मग शांतता. पाकळ्या हलेनात. बाहेर कोणाचं तरी वासरू हंबरलं. तातू गुरव ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. मी पाषाणाकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघत होते, त्यामुळे पाकळी पडताना मला दिसली नाही. मला नुसता आवाज ऐकू आला, सगळ्या गावाने एकदम सोडलेल्या श्वासाचा.

उजवी पडली होती.

आबा स्वतः रायेत गेले. फणसाच्या पानात फुलं घेऊन आले आणि द्रौपदीकाकीच्या हातात दिली. मी ओढणी पसरली. तिने आधी तांदूळ घातले, मग नारळ, मग ते पान.

संध्याकाळी मी आबांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेले. ते सुपारी कातरत बसले होते.

"आबा, देवीने आधी नाही म्हटलं होतं."

"व्हय."

"मग आज हो कसं म्हटलं?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तेव्हा मी काय इचारलंय? भायली बाय तुज्या रायेतला न्हेवक बगता, न्हेवंदे काय? आता अशाक कोण व्हय म्हणतलो? तुज्या घरात कोण असा इचारीत इलो, तर तू म्हणशीत?"

"नाही."

"मगे? देवी काय येगळी आसा?" आणि त्यांनी माझ्यासमोर सुपारीचं ताट सरकवलं.

ती अळंबी खरोखरच नवी निघाली. तिच्या शास्त्रीय नावात सातेरीचं नाव आहे. इनामदार सरांनी निबंध वाचून मला पेढे दिले आणि त्या फोनविषयी आम्ही दोघेही काही बोललो नाही. पुढे मी पुष्कळ गावं फिरले, गोव्याच्या हद्दीपासून थेट गडचिरोलीपर्यंत. गावात गेले की आधी राहायचे, जेवायचे, बायकांबरोबर रानात जायचे. काय द्यायचं आणि काय नाही, ते गाव ठरवायचं. काही गावांनी काहीच दिलं नाही. त्या गावांतल्या अळंब्यांना अजून शास्त्रात नाव नाही, पण गावात आहे, आणि मी जाऊन बघून येते. माझी सगळी नोकरी अशी गेली. चांगली गेली.

आबा वारल्यावर काही वर्षांनी द्रौपदीकाकी नातीच्या लग्नासाठी पुण्याला आली. बरोबर घोटणखोलच्या पाच-सहा बायका. लग्न उरकलं तशी म्हणाली, "आता देवीचा फूल दाखय. खंय ठेवलंस ता?"

मी त्यांना आमच्या संस्थेत घेऊन गेले. संग्रह सांभाळायला बर्वे नावाचे गृहस्थ होते, शिस्तीचे. दोनाहून जास्त माणसांना ते एका वेळी आत घेत नसत. जरीच्या लुगड्यांतला तो घोळका बघून ते खुर्चीतून उठलेच. मी हळू आवाजात थोडं सांगितलं. त्यांनी किल्ल्या घेतल्या.

संग्रहाच्या दारात द्रौपदीकाकी थांबली आणि वहाणा काढल्या. मागच्या बायकांनीही काढल्या. लोखंडी कपाटांच्या त्या लांब खोलीबाहेर वहाणांचा ढीग झाला.

"अहो, इथे चपला काढायची गरज नाही," बर्वे म्हणाले.

"तुमका नसात," द्रौपदीकाकी म्हणाली. "आमका आसा."

आत गारवा होता आणि डांबरगोळ्यांचा वास. बर्व्यांनी कपाट उघडलं, खोका काढला, झाकण उचललं. आत आखडलेल्या, तपकिरी पडलेल्या चार काड्या. निळा रंग केव्हाच गेलेला. मला वाटलं, या म्हातारीला मी एवढ्या लांबून हे दाखवायला आणलं.

ती वाकून बघत राहिली.

"सुकली गो," ती म्हणाली.

"हो काकी. सुकवूनच ठेवतात."

"तरी वळखूक येता." मग तिने बर्व्यांना विचारलं, "आणि ही कितीसा रवतली अशी?"

"नीट सांभाळली तर दोनशे वर्षं," बर्वे म्हणाले. "जास्तसुद्धा."

"आणि तुमच्या मागसून कोण सांभाळतलो?"

"माझ्यानंतर दुसरा माणूस येईल. त्याच्यानंतर तिसरा."

तिने समाधानाने मान हलवली, खोक्याला हात न लावता नमस्कार केला आणि बाजूला झाली. एकेक बाई पुढे येऊ लागली. कोणी घाई करत नव्हतं. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. रांग निम्मी झाली असेल, तेव्हा बर्व्यांनी खोका माझ्या हातात दिला.

"जरा धरता?" ते म्हणाले, आणि दारापाशी जाऊन, कपाटाला टेकून, बुटांच्या नाड्या सोडू लागले.